आरपार दगड

नांदेड-लातूरकडे ‘अभ्यास’ म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो लातूर पॅटर्न. पहाटेचे क्लास, सराव पेपर, टक्के. त्याच्याही वरचा अभ्यास, म्हणजे संशोधन, सहसा रेक्झिनच्या बाइंडिंगमध्ये भेटतो. वर सोनेरी अक्षरं, आत ऋणनिर्देश. मला प्रबंधातले ऋणनिर्देश वाचायला आवडतात. मार्गदर्शक, प्राचार्य, आई-वडील, सासरची मंडळी, टायपिंग करून देणारा, कुणी सुटत नाही. ज्या गावांवर प्रबंध बेतलेला असतो तिथल्या लोकांचेही ‘माहिती देऊन सहकार्य केल्याबद्दल’ आभार असतात. मग एक प्रत ग्रंथालयात जाते, एक फाइल ‘शोधगंगा’वर चढते आणि गाव आपल्या जागी राहतं.

हे कुचेष्टेने म्हणत नाही. चर्चासत्राच्या उद्घाटनात शाल-श्रीफळ झालं की ‘संशोधन समाजाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलं पाहिजे’ हे वाक्य येतंच, आणि ते म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. फक्त पोहोचवायचं कुणी, हे त्या वाक्यात कधी नसतं. जणू ज्ञान उताराला लागलेलं पाणी आहे, सोडून दिलं की आपसूक शिवारात उतरेल. आमच्या भागात तर पाणीसुद्धा आपसूक येत नाही, २०१६ साली लातूरला ते मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं.

ज्ञान तयार होतं, कागदावर होतं, आणि तरीही भिंतीपर्यंत आलं नव्हतं याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. औसा तालुक्यातलं किल्लारी. १९९३ च्या अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला छोटे धक्के बसत होते. लोक घाबरले होते, काही अंगणात झोपत होते. पण भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात रंगवलेला होता. २००२ साली तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. नकाशाला शहाणपण यायला नऊ वर्षं लागली.

मला मात्र नकाशापेक्षा भिंतीचं जास्त वाटतं. माळवदाचं घर ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना त्याचा गारवा माहीत आहे. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकूड, लाकडावर माती. पाऊस तोंडावर आला की माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर. जुना थर काढायची पद्धत नव्हती, गळायला लागलं की आणखी टाकायची. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, आपण टाकलेली, अशी सगळी माती डोक्यावर. आणि खालची ती रुंद, भक्कम दिसणारी भिंत खरं तर एक नव्हतीच. बाहेरच्या अंगाला एक पदर, आतल्या अंगाला एक पदर, आणि मध्ये गोटे, चिपा, चिखल असली भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच. धक्का बसला तसे दोन पदर एकमेकांपासून फुगून सुटले आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

आता खरी टोचणारी गोष्ट. मातीत रचलेल्या दगड-विटांच्या घरांनी भूकंपात तग धरावा म्हणून काय करावं, याची मार्गदर्शिका भारतीय मानक ब्युरोने आयएस १३८२८ या क्रमांकाने काढली ती १९९३ सालीच. तीत काही अवघड नाही. भिंत चढवताना दर दोन फुटांवर, आणि आडवं चार फुटांहून जास्त अंतर न सोडता, भिंतीच्या पूर्ण रुंदीचा एक दगड आरपार घाला. कोपरे सांधून घ्या. दार-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा फिरवा. रूडकीला भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण-संशोधन १९६० पासून चाललं होतं, त्यातून हे आलं. एवढी वर्षं, एवढे प्रयोग, आणि शेवटी निघालेलं उत्तर काय, तर एक लांब दगड. तो घडवायला वेळ लागतो, महाग पडतो, आणि घालून झाल्यावर दिसतही नाही. कशाला घालायचा हे पटल्याशिवाय गवंडी तो घालणार नाही, आणि गवंड्याने मागितला तरी मालक पैसे देणार नाही. आयएस १३८२८ इंग्रजीत होती. इंग्रजीत नसती तरी किल्लारीच्या गवंड्याने विकत घेऊन वाचली असती असं नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी बसवली. पण त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या घरांना तडे गेले होते पण जी पडली नव्हती, ती जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची. उभ्या भिंतीत आरपार दगड कसा घालणार? पहारीने अलगद एकेक दगड मोकळा करत भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरून टाकायचं. माळवदावरची माती उतरवून हलकी करायची. कागदावर हे दहा ओळींत बसतं. पण ज्या बाईने दगडाखालून आपलं पोर ओढून काढलं, तिला ‘दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? लोकांना दगड डोळ्यांपुढे नको झाला होता. पत्र्याखाली भाजून निघू, पण दगडाखाली झोपणार नाही, असं म्हणणारी माणसं होती.

इथे जे झालं ते कुठल्या विद्यापीठाच्या योजनेत बसत नाही. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या केल्या. सरकारी हप्ता कधी येतो, किती सळई लागते, पट्टा कुठून फिरला पाहिजे, इंजिनिअर आला तर त्याला काय विचारायचं, हे त्या दारोदार सांगत फिरल्या. त्यांतल्या अनेकींचं शिक्षण बेताचं. रूडकी कुठे आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण भिंतीला पट्टा का हवा हे त्या शेजारणीला पटेल अशा बोलीत सांगू शकत होत्या, आणि ते प्राध्यापकाला जमण्यासारखं नव्हतं. अशा कामाला आपल्याकडे गुण नाहीत. शोधनिबंधाला आहेत, परिषदेतल्या प्रमाणपत्राला आहेत.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पैसे हातात आल्यावर पुष्कळांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी शेजारी एक पक्की खोली बांधली आणि रात्री झोपायला तिच्यात गेले. तज्ज्ञ हळहळले. मला ती हळहळ अर्धीच पटते. जुन्या भिंतीचं शास्त्र त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांना आधी झोप हवी होती.

लातूर-नांदेडचं स्वतःचं विद्यापीठ निघालं ते त्यानंतर, १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी. पण त्याच्या कितीतरी आधी नांदेडच्या नावाचं एक संशोधन शेतकऱ्याच्या तोंडी बसलेलं होतं. इथल्या कापूस संशोधन केंद्राने काढलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण. शेतकरी नुसतं ‘नांदेड चव्वेचाळीस’ म्हणायचे. कोरडवाहूत तगणारा, रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा, एक बहर गेला तरी पुन्हा फुटणारा. त्याच्यामागे कुणाला शेजारणीकडे पाठवावं लागलं नाही. पिशवीच बोलत होती. बियाणं ही संशोधनाची फार सोयीची जात आहे, वाचावी लागत नाही, पेरता येते.

मग २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. खासगी कंपन्यांच्या पिशव्यांनी दुकानं भरली, आणि अंगात बीटीचा जनुक नसलेलं चव्वेचाळीस बघता बघता मागे पडलं. महाबीजच्या साथीने त्याचं बीटी रूप बाजारात आलं तोवर शेतकऱ्यांची एक पिढी दुसऱ्या नावांना सरावली होती. वाण नापास झाला नव्हता. करार, परवाने, सह्या यांच्या रांगेत त्याची गाडी चुकली. संशोधन वेळेवर न पोहोचणं आणि न पोहोचणं यांत शेतकऱ्याला फारसा फरक दिसत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

आता कापसाच्या कितीतरी रानांत सोयाबीन आलंय. त्यात तर विद्यापीठांच्या हद्दीही कुणी पाळत नाही. जबलपूरचं जेएस-३३५ वर्षानुवर्षं पेरलं, परभणीचे वाण पेरले, राहुरीच्या विद्यापीठाचं फुले संगमही पेरतात. पण मला गंमत वाटते ती पेरणीच्या पद्धतीची. कृषी विद्यापीठाची शिफारस रुंद वरंबा-सरीची, बीबीएफची. रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पावसाने ओढ दिली तर सरीत ओल टिकते, धो धो पडला तर जादा पाणी सरीवाटे निघून जातं. यंत्र वेगळं लागतं, ते सगळ्यांकडे नाही, आणि वापशाच्या चार दिवसांत भाड्याने मिळेलच असं नाही.

मग लोक काय करतात, तर आपल्या नेहमीच्या पेरणी यंत्राच्या एका नळीत चिंधी कोंबतात. तेवढी ओळ रिकामी राहते. पुढे कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोर गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी ओढून घेतात. कुणी चार ओळींनंतर सोडतं, कुणी सहा, ज्याच्या यंत्राला जितके फण. वरंबा शिफारशीइतका उंच नसतो, सरी मापात नसते. शास्त्रज्ञ बांधावर उभा राहून म्हणेल की ही आमची पद्धत नव्हे. शेतकरी म्हणेल, नसू दे साहेब, परवाच्या पावसाचं पाणी निघून गेलं बघा.