उजेड कमी करण्याचा उद्योग

आमच्या नाटकवाल्यांकडे पाचशे वॉटचे चार हॅलोजन होते आणि त्यांना दोनच गोष्टी येत होत्या: पेटणं आणि विझणं. बदलापूरच्या हौशी मंडळाला डिमर बोर्ड विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. भाड्याने आणला तर तो प्रयोगाच्या दिवशी दुपारी यायचा, म्हणजे तालमीत प्रकाश बघायची सोय नाही. एकांकिकेत संध्याकाळ उतरण्याचा प्रसंग होता आणि आमची संध्याकाळ खट्कन बटण दाबून व्हायची. प्रकाशयोजना सांभाळणारे आमचे दादा मला म्हणाले, "तू अंबरनाथच्या एमआयडीसीत दिवसभर पॅनेल जोडतोस. आम्हाला एक डिमर जोडून दे की."

मी हो म्हणालो. नोकरीत दुसऱ्याच्या आराखड्यातल्या वायरी दुसऱ्याने दिलेल्या नंबरांप्रमाणे लावायच्या असतात. इथे पहिल्या रेघेपासून सगळं आपलं असणार होतं.

उजेड कमी करण्याचा उद्योग तसा जुना. रंगभूमीवर विजेचे दिवे आले तेव्हा दिव्याच्या वाटेत मिठाच्या पाण्याचं भांडं ठेवत आणि त्यात धातूची पट्टी वर-खाली करत. पुढे तारेच्या गुंडाळ्यांचे रेझिस्टन्स आले. घरातल्या जुन्या पंख्याचा, हात लावला तर गरम लागणारा डबा-रेग्युलेटर ज्यांनी पाहिलाय त्यांना ही जात ओळखीची आहे: नको असलेली वीज तापवून उडवून द्यायची. १९५९ साली अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी अर्धवाहक वापरून भिंतीवरच्या स्विचच्या जागी मावेल असा डिमर केला. त्यात वीज जाळायची नसते, क्षणभर अडवून धरायची असते. घरातला टप्प्यांशिवाय सलग फिरणारा आजचा रेग्युलेटरही हेच करतो.

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे शंभर वेळा शून्यावरून जाते. दोन शून्यांमधलं अंतर दहा मिलिसेकंद. शून्य गेलं की थोडं थांबायचं आणि मग ट्रायॅक नावाच्या स्विचला खूण द्यायची. खूण मिळाली की तो चालू होतो आणि पुढच्या शून्याला आपला आपण बंद पडतो. कमी थांबलात तर दिवा प्रखर, जास्त थांबलात तर मंद. मायक्रोकंट्रोलरने करायचं ते एवढंच: शून्य ओळखायचं, सांगितलं तेवढं थांबायचं, खूण द्यायची. आर्डुइनोवरच्या चिपला दहा मिलिसेकंदांत एक लाख साठ हजार ठोके मिळतात, त्यामुळे चार दिवे सांभाळूनही तिच्याकडे वेळच वेळ उरतो.

मग इतका अचूक ठोका असताना दर वेळी लाइनकडे शून्य विचारायला कशाला जायचं, असा प्रश्न आमच्या मंडळातल्या एका इंजिनीअरिंगच्या पोराने विचारला. उत्तर आकड्यांत आहे. देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असते. ती ४९.९० असेल तर अर्धी लाट १० नव्हे, १०.०२ मिलिसेकंदांची होते. फरक दिसायला क्षुल्लक, पण तो सेकंदाला शंभर वेळा साठत जातो. पाच सेकंदांत आपलं घड्याळ आणि लाइन यांच्यात अख्ख्या अर्ध्या लाटेचं अंतर पडतं आणि दिवा कुणी हात न लावता मंद-प्रखर होत राहतो. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली, तेव्हापासून बदलापूरच्या दिव्याची लय आणि कन्याकुमारीच्या दिव्याची लय एकच आहे. त्या लयीपुढे आपल्या चिपच्या क्रिस्टलचा तोरा चालत नाही. डिमरने लाइनचं ऐकायचं, हा नियम मी कागदावर सगळ्यात वर लिहिला आणि पुढे तो उपयोगीही पडला.

सामान आणायला उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणलं, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पण वडीलधारी माणसं अजून "कॅम्पात जाऊन येतो" म्हणतात आणि पत्तेही एक ते पाच नंबरच्या कॅम्पांवरच चालतात. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, होल्डर, एमसीबी, पत्र्याचा डबा, झिरो बोर्ड, सगळं तिथे मिळालं. ट्रायॅक मी बीटीए-१६ मागितला होता. दुकानदाराने बीटीबी-१६ काढून दिला आणि म्हणाला, "दोनों एक ही है."

एक नाहीत. बीटीएची पाठीमागची धातूची पट्टी आतल्या भागापासून अलग केलेली असते. बीटीबीची पट्टी मधल्या पायाला थेट जोडलेली असते. तो हीटसिंकवर नुसता कसला की हीटसिंकच २३० व्होल्टवर जातो आणि डब्याला टेकला तर डबासुद्धा. ओळखायची रीत सोपी आहे. मीटर कंटिन्युइटीवर लावायचा, एक टोक पट्टीला, दुसरं मधल्या पायाला. वाजला तर बीटीबी. मी काउंटरवरच वाजवून दाखवला. दुकानदाराने न रागावता दुसरा खण उघडला.

चिपची खूण ट्रायॅककडे पोचवणारे ऑप्टोकपलर मात्र लॅमिंग्टन रोडवरून आणले, कारण त्यांचाही नेमका प्रकार बघून घ्यावा लागतो. एमओसी-३०२१ हा खूण मिळताच ट्रायॅकला उठवतो. एमओसी-३०४१ दिसायला तसाच, पण तो शून्याची वाट बघूनच उठवतो. हीटर चालू-बंद करायला तो उत्तम. डिमरमध्ये लावला तर दिवा पूर्ण पेटेल नाहीतर पेटणार नाही, मधलं काही नाही. म्हणजे पुन्हा आमची बटणाची संध्याकाळ.

बोर्डाच्या एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला पाच व्होल्ट, मधे फक्त ऑप्टोंचा पूल. त्यांच्या पोटाखाली मी बोर्डात आरीने फट पाडली, म्हणजे ओल किंवा धूळ साचून वीज पृष्ठभागावरून सरकायला नको. बदलापूरच्या पावसाळ्यात भिंतीही घाम गाळतात, तिथे ही काळजी जास्तीची नाही. शून्य ओळखायला पूल-रेक्टिफायर, पीसी-८१७ हा ऑप्टो आणि ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ. दोन अशासाठी, की २३० व्होल्ट ही सरासरीच्या हिशेबाची किंमत आहे; लाटेचं शिखर ३२५ व्होल्टला जातं आणि लहान रेझिस्टर सहसा २५० पर्यंतचेच असतात.

पहिल्यांदा वीज द्यायची वेळ आली तेव्हा बोर्ड घेऊन कॅम्पातल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. ते आमच्या कंपनीच्या मोटारी भरून देतात. त्यांनी बोर्ड उलटापालटा करून पाहिला आणि भिंतीवरच्या सिरीज बोर्डाकडे बोट केलं. "डायरेक्ट मत डालना. पहले सिरीज." सिरीज बोर्ड म्हणजे लाइनच्या वाटेत शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब. आपल्या वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि वाटेतून अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट जातो. धडाका नाही, जळका वास नाही, फक्त उजेड पडतो. महागड्या प्रयोगशाळांत जे काम मोठाली यंत्रं करतात त्यातलं निम्मं काम हा बल्ब करतो. माझ्या बोर्डाने सिरीजचा बल्ब पेटवला नाही. काका म्हणाले, "अब डाल."

त्यांच्या दुकानामागे जीन्स शिवणारे कारखाने आहेत आणि एकाच लाइनवर शिलाई मशीनच्या मोटारी दिवसभर चालू-बंद होत असतात. मला तीच घाणेरडी लाइन हवी होती. घरी गुळगुळीत चालला असता तो दिवा तिथे दर काही क्षणांनी डोळा मारायला लागला. मोटार सुटली की लाइनवर ठिणगीसारखा काटा उमटतो, चिप त्याला शून्य समजते आणि नको तेव्हा मोजायला लागते. उपाय प्रोग्रॅममध्ये एका ओळीचा आहे: एक शून्य मिळालं की पुढचे आठ मिलिसेकंद कुणी काहीही म्हणो, दुसरं शून्य मानायचं नाही. खरं शून्य त्याच्या आत येऊच शकत नाही. दिवा स्थिर झाला. काकांनी चहा सांगितला.

खरी मजा पुढे होती. थांबण्याचा वेळ समान टप्प्यांत कमी-जास्त केला तर उजेड समान टप्प्यांत बदलत नाही. लाट मधे फुगीर आणि टोकांना निमुळती असते, त्यामुळे अडीच मिलिसेकंद अडवली तरी ९१ टक्के वीज जातेच आणि साडेसात अडवली तर ९ टक्केच उरते. सगळा बदल मधल्या पट्ट्यात कोंबलेला. दादांनी नॉब फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा फेड मधेच उडी मारतो." मी गणित करून वीज समान टप्प्यांत वाटणारा तक्ता तयार केला. त्यांनी पुन्हा फिरवला. "आता वरती काहीच होत नाही आणि खाली एकदम कोसळतो." गणित बरोबर होतं आणि दादाही बरोबर होते. वीज अर्धी केली की हॅलोजनची तार थंडावते आणि उजेड अर्ध्याहून खूपच खाली येतो. त्यात माणसाचा डोळा अंधारातला बारीक फरक टिपतो आणि झगमगाटातला मोठा फरक सोडून देतो.

शेवटी तक्ता दादांच्या डोळ्याने बनवला. तालमीच्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या, एका नटाला खुर्चीत बसवलं. दादा म्हणतील "हा अर्धा", तिथला आकडा मी लिहून घ्यायचा. मग "हा पाव", मग "चेहरा दिसतो पण डोळे दिसत नाहीत तो". शून्यापासून शंभरपर्यंत अकरा ठिकाणं अशी त्यांनी ठरवली आणि मधल्या जागा चिपने भरल्या. खुर्चीतला नट दोनदा झोपला. तालमीत तोही नेमका एवढाच उपयोगी पडतो, असं दादांचं मत. एक गोष्ट त्यांच्याकडून कळली जी कुठल्याच सर्किटच्या पुस्तकात मी वाचली नव्हती: प्रसंग सुरू होण्याआधी दिवे अगदी लाल धुगधुगीवर ठेवायचे. तार गरम राहते, उजेड लगेच उठतो आणि थंड तारेचा प्रतिकार गरम तारेच्या दशांशाहूनही कमी असल्याने सुरुवातीला बसणारा करंटचा दणका टळतो. दादांना कारण ठाऊक नव्हतं, सवय होती.

प्रयोग अंबरनाथ पूर्वेला, एका शाळेच्या सभागृहात. तिथे जनरेटर आहे हे आधी कळलं होतं, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अर्ध्या लाटेची लांबी मोजून थांबण्याचा वेळ तिच्या प्रमाणात ठेवला होता. त्याचं कारण असं: जनरेटर हलक्या भारावर ५२ हर्ट्झने पळत असेल तर अर्धी लाट ९.६ मिलिसेकंदांत संपते. अगदी मंद दिव्यासाठी तुम्ही ९.७ मिलिसेकंदांनी खूण दिलीत, तर ती पुढच्या लाटेच्या सुरुवातीला पडते आणि मंद हवा असलेला दिवा भसकन पूर्ण पेटतो. एकांकिकेच्या मध्यावर लाइट गेले. प्रेक्षागृहात नेहमीसारखा 'ओ' झाला, जनरेटर धडधडला आणि चारही दिवे आपापल्या जागी परत आले. संध्याकाळ नेमकी त्यानंतर होती. दादांनी चाळीस सेकंद घेऊन ती उतरवली. तक्रार फक्त साउंडवाल्याची होती: मंद दिव्याबरोबर त्याच्या माइकमध्ये गुंजन येत होतं. लाट मधेच तोडली की असे पडसाद उठतात. माइकच्या वायरी दिव्यांच्या वायरींपासून दूर नेल्या आणि नंतर प्रत्येक चॅनेलला एकेक चोक बसवला, तेव्हा ते थांबलं.

आता मंडळात एलईडीचे फ्लड आणायचा विचार चालू आहे. वीज वाचते, रंगमंच तापत नाही, सगळं खरं. पण साधे एलईडी या डिमरवर लावून उपयोग नाही. त्यांच्या आतला ड्रायव्हर तुटकी लाट सहन करत नाही, दिवा फडफडतो. आणि बंद केला तरी ट्रायॅकच्या संरक्षणाला लावलेल्या कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या पाऊण मिलिअँपिअरवर मिणमिणत राहतो. असा एलईडी मंद करायचा तर डीसीच्या बाजूने करावा लागतो, आणि तरीही मंद होताना तो हॅलोजनसारखा पिवळ्यातून तांबड्यात जात नाही. दादांचा निर्णय झालेला आहे: संध्याकाळला हॅलोजन, बाकीच्याला एलईडी. माझाही तोच.

कुणाला असा डिमर करून बघायचा असेल तर एक विनंती. सुरुवात २३० व्होल्टवर करू नका. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि बारा व्होल्टचाच गाडीचा बल्ब घ्या. शून्य तेच, दहा मिलिसेकंद तेच, प्रोग्रॅमही तोच, फक्त ऑप्टोकडे जाणारे रेझिस्टर लहान लावावे लागतात. तिथे दिवा मनासारखा चालला की मग लाइनवर या, आधी सिरीज बल्बातून. डबा पत्र्याचा असेल तर अर्थिंग केल्याशिवाय झाकण लावू नका, वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असू द्या, आणि दिवा विझलेला दिसला म्हणून होल्डरला हात लावू नका. ट्रायॅक बंद असतानाही वायर जिवंत असते. हात घालायचा तर आधी प्लग काढा.