पोपटाचा डोळा आणि वारा

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट मराठी घरात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. झाडावर लाकडी पोपट. युधिष्ठिराला झाड दिसते, गुरुजी दिसतात, भाऊ दिसतात. अर्जुनाला दिसतो फक्त पोपटाचा डोळा, आणि तोच परीक्षेला उतरतो. आम्ही शिक्षक तर या एका गोष्टीवर निम्मी नोकरी काढतो! पण एक प्रश्न वर्गात कोणी विचारीत नाही. त्या दिवशी वारा होता का?

मला तो प्रश्न पडला माझ्या भाचीमुळे. ती येरवड्याला राहते, यंदा दहावीत आहे आणि बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकते. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिचे वर्तमानपत्रातले चित्र हिने कपाटाच्या दाराला चिकटवले आहे. गेल्या वर्षी हिचे वडील गेले. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "बाळ, आता इकडेतिकडे पाहायचं नाही. अभ्यास एके अभ्यास." म्हणजे पुन्हा पोपटाचा डोळाच! ती मान हलवते. तिची आई मात्र धनुष्य दिसले की सुस्कारा टाकते. दहावीचे वर्ष, त्यात बाण मोडला की खर्च.

आषाढातल्या एका सकाळी मी तिच्याबरोबर मैदानावर गेलो. घाट उतरून येणारा पश्चिमेचा वारा पुण्याला पाऊस बेताचाच देतो, पण स्वतः यायला कंजूषपणा करीत नाही. नदीपलीकडे शिवाजीनगरला वेधशाळा आहे. १९२८ साली हवामानखात्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून जुने पुणेकर त्या जागेला 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथे देशाच्या वाऱ्याचा हिशेब राहतो. भाचीला हवा होता तो तीस मीटरांपुरता वारा, आणि तो तिचा तिलाच मोजायचा होता.

आधी तिने लक्ष्याकडे पाहिलेच नाही. गवताची चार पाती खुडून हातातून सोडली. लक्ष्यावर बांधलेली कापडाची चिंधी पाहिली, मागच्या लिंबाचा शेंडा पाहिला. मग पाय रोवून धनुष्य ओढले. दोरी हनुवटीला टेकली. एवढ्यात जोराचा झोत आला, आणि तिने बाण न सोडता हात हळूच पुढे नेऊन धनुष्य उतरवले.

"का ग, सोडला नाहीस?"

"मामा, सुटलेला परत येत नाही, ताणलेला उतरवता येतो. सर म्हणतात, उतरवायची लाज वाटू द्यायची नाही."

पुढच्या खेपेस तिने नेम धरला तो पिवळ्या वर्तुळाच्या बराच डावीकडे. बाण सुटला, वाटेत किंचित उजवीकडे सरकला आणि पिवळ्याच्या कडेवर जाऊन बसला.

"वारा डावीकडून आहे ना! पिवळ्यावरच धरला असता तर तो पार निळ्यात गेला असता."

"मग वारा पडेपर्यंत थांबावं."

"पडतोय कुठला! मी एक वारा ठरवते. तसाच पुन्हा आला की सोडते."

बांबूचा बाण हलका, त्याची पिसे मोठी आणि वेग कमी. म्हणून वाऱ्याला त्याला ढकलायला सवड अधिक मिळते. ऑलिंपिकमधले बाण बारीक, जड टोकाचे आणि वेगवान असतात. तरी सत्तर मीटर जायला त्यांना सेकंदाहून अधिक वेळ लागतोच. तिथे दहा गुणांचे वर्तुळ सव्वाबारा सेंटिमीटरांचेही नसते. सामन्यात एका बाणाला वीस सेकंद. तेवढ्यात निशाण पाहायचे, ठरवायचे आणि सोडायचे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, शेतमजुराचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियोला, खाडीकाठच्या मैदानावर असाच उभा होता. पहिल्या फेरीत भारताच्या तिघा पुरुषांत सर्वाधिक, ६५६ गुण त्याचे होते.

घरी आल्यावर मी बहिणीला म्हटले, "तिचं धनुष्य बंद करू नकोस. बाप नाही, हा त्या पोरीच्या आयुष्यातला वारा आहे. तिकडे पाहू नकोस म्हटल्यानं तो थांबत नाही. तो जमेस धरून नेम कसा धरायचा, हे ती तिथंच शिकतेय." बहीण काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मोडलेल्या बाणांचे पैसे मात्र तिने डब्यातून काढून दिले.

अर्जुनाविषयी माझी तक्रार नाही. गुरूने विचारले ते दोरी ताणल्यावर, आणि त्या क्षणी डोळाच दिसला पाहिजे. पण धनुष्य उचलण्यापूर्वी त्याने झाडाची पाने पाहिली असणार, असे मला हल्ली वाटू लागले आहे. गोष्ट सांगणाऱ्यांनी तेवढे गाळले असेल.

परवा दारात आकाशकंदील लावला. साऱ्यांनी त्याचा उजेड पाहिला. भाचीने मात्र खालच्या झिरमिळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "मामा, वारा फिरला. आता पूर्वेचा आहे."