पोहोचल्याची खोटी पावती

फॉर्म भरून बटण दाबलं की हिरव्या अक्षरांत एक ओळ यायची: ‘धन्यवाद, आपली मागणी आमच्यापर्यंत पोहोचली आहे.’ ती ओळ मीच लिहिली होती. कित्येक महिने ती खोटी होती, आणि तेवढा काळ नाहूर-भांडुपच्या अनेक घरांनी तिच्यावर विश्वास ठेवून आमच्या फोनची वाट पाहिली.

नाहूरमध्ये आमचं मंडळ रुग्णसाहित्य केंद्र चालवतं. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, फाउलर बेड, हवेची गादी असं सामान अनामत घेऊन वापरायला देतात. जुन्या वस्तीत केंद्र सगळ्यांना माहीत आहे. पण 2006 मध्ये नाहूर स्टेशन सुरू झालं, लालबहादूर शास्त्री मार्गालगत कारखान्यांच्या जागी टॉवर आले, आणि तिथे नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबांना कोणाला विचारायचं हेच कळत नाही. घरात आजारी माणूस, ऑफिसची धावपळ, रात्री उशिरा मोबाइलवर शोधाशोध. अशा लोकांसाठी वेबसाइट करायची ठरली आणि ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं, कारण मंडळाचा मेलबॉक्स होस्टिंगच्या सर्व्हरवरच होता. पुढे कार्यकर्त्यांना मेल फोनवर बघायला सोपं जावं म्हणून तो गूगलकडे हलवला. मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणारी डोमेनची एमएक्स नोंद बदलली, माझ्या जीमेलवरून एक मेल पाठवला, तो लगेच आला. मी काम संपलं असं समजलो. फॉर्म भरून पाहिलाच नाही.

काही दिवसांनी केंद्र सांभाळणारे काका म्हणाले, “अरे, फॉर्मवरून हल्ली काहीच येत नाही.” मी म्हणालो, “काका, आपल्याकडे लोक फोनच करतात. आणि एकदा स्पॅममध्ये बघा.” काही न तपासता दिलेलं ते उत्तर मला आजही सलतं. तांत्रिक चूक कोणाकडूनही होते. इथे माणूस नेमकं सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं.

नंतर एक बाई केंद्रावर आल्या. आईसाठी बेड हवा म्हणून त्यांनी फॉर्म भरला होता, ती हिरवी ओळ वाचली होती, आणि शेवटी भाड्यानं बेड आणला होता. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “नाही म्हणून तरी कळवायचं,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट तपासायला बसलो.

तरीही आधी होस्टिंगवाल्यांकडेच तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की मेल व्यवस्थित पोहोचवले गेले आहेत. मी चिडलो, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. कुठे पोहोचवले, हे मी विचारलंच नव्हतं. कंट्रोल पॅनेलमधली डिलिव्हरीची नोंद उघडली तेव्हा उलगडा झाला. बाहेरचे मेल एमएक्स नोंद पाहून गूगलकडे जात होते. फॉर्म मात्र त्याच सर्व्हरवर होता, आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हे डोमेन अजून ‘लोकल’ होतं. त्यामुळे फॉर्मचा प्रत्येक मेल सर्व्हर बाहेर न पाठवता आपल्याच जुन्या मेलबॉक्समध्ये ठेवत होता. तो कोणी उघडतच नव्हतं.

मी उघडला. सगळ्या मागण्या तिथे होत्या. नाव, फोन, पेशंटचं वय, ‘लवकर मिळाल्यास बरे होईल’. काका आणि मी एकेकाला फोन लावत गेलो. बहुतेकांची गरज भागून गेली होती. काही घरांत पेशंट वारल्याचं कळलं. माफी मागण्यापलीकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

सेटिंग ‘रिमोट’ केल्यावर मेल गूगलकडे निघाले आणि माझी दुसरी चूक उघडी पडली. उत्तर देणं सोपं जावं म्हणून मी ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता घालत होतो. म्हणजे पत्र मी टाकायचं आणि पाठीवर प्रेषक म्हणून दुसऱ्याचं नाव लिहायचं. 1982 मध्ये मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत ठरली तेव्हा प्रेषक खरा की खोटा हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे पहारे पुढे आले. याहूनं तर 2014 मध्येच जाहीर करून टाकलं की आमच्या पत्त्यानं परक्या सर्व्हरवरून आलेले मेल नाकारा. त्यामुळे याहूचा पत्ता देणाऱ्यांच्या मागण्या परत फिरायच्या आणि जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्ये पडायच्या. घाईत मी एसपीएफची, म्हणजे डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी, दुसरी नोंदही जोडली. एका डोमेनला ती एकच चालते, दोन झाल्या की दोन्ही निकामी.

आता ‘फ्रॉम’मध्ये मंडळाचा पत्ता असतो, भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये जातो. मेल 587 पोर्टवरून, पासवर्डसह, एसएमटीपीनं निघतो. पण माझ्या मते खरा बदल दुसराच आहे. मागणी आधी डेटाबेसमध्ये साठते, मग मेल जातो. मेल अडकला तरी मागणी हरवत नाही. पीएचपीच्या मेल फंक्शननं ‘ट्रू’ म्हटलं याचा अर्थ सर्व्हरनं मेल ताब्यात घेतला, एवढाच असतो. त्याच्या जोरावर ‘पोहोचली’ म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. हिरव्या ओळीत आता लिहिलंय: ‘आपली मागणी नोंदवली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तर कृपया या नंबरवर फोन करा.’ काका दर सोमवारी स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भरून पाहतात.

तुमच्या संस्थेच्या, दवाखान्याच्या, दुकानाच्या वेबसाइटवर असा फॉर्म असेल, तर आजच बाहेरचा एखादा ईमेल पत्ता घालून तो भरून पाहा, आणि मेल ज्यांच्याकडे जायला हवा त्यांना तो आला का, हे फोन करून विचारा.