ताम्हिणीत दर्या

पौडला तहसील कचेरीबाहेर माझं अर्ज टंकून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि एक म्हातारा संगणक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. ११ नंबर याच्यावर बसेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते म्हणे, ती याच्यात नाही. मग लिनक्सच्या घराण्यातली एक फुकटची कार्यप्रणाली घ्यायची ठरवली. आवृत्तीचे दोन आकडे दिसत होते. मी मोठा उचलला. पुढे 'बीटा' लिहिलं होतं, ते मला कंपनीचं नाव वाटलं.

पेनड्राइव्हवरून चढवताना दोनदा वीज गेली. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करतं, आणि मी इथे मोबाइलच्या उजेडात! तिसऱ्यांदा जमलं. पडदा कसा लख्ख, पण प्रिंटर काही सापडेना. तासभर ड्रायव्हर नावाचं प्रकरण धुंडाळलं. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर हाकणारा, एवढं समजलं. मग समजलं की प्रिंटरचं बटणच बंद आहे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वारसनोंदीला आलेले एक आजोबा. जुना नमुना उघडला, नाव-गट नंबर बदलले, कागद हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवलं. 'शेतकर्यांच्या सातबार्यावर' असं छापलं होतं.

"शेतकऱ्याच्या डोक्यावर हा रफार कशाला चढवलास रे? आधीच काय कमी ओझं आहे?"

कागद फुकट गेला. पैसे मागायची हिंमत झाली नाही.

पुतण्या हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. (हिंजवडी आमच्या मुळशी तालुक्यातच येते, हे तिथल्या निम्म्या लोकांना पटत नाही.) त्याला फोन लावला. "काका, बीटा हे ग्रीक बाराखडीतलं दुसरं अक्षर. अल्फा घरच्यांनी वापरून बघायची, बीटा बाहेरच्यांनी. पक्की आवृत्ती अजून यायचीय. तुम्ही टेस्टर झालात."

परीक्षक! मान जरा ताठ झाली. पगार किती, असं विचारलं तर तो हसतच सुटला.

चूक सापडली की 'बग रिपोर्ट' करायचा. बग म्हणजे किडा. भाताला खोडकिडा, तसा याला हा. मी किड्याची फिर्याद लिहिली : 'मराठी चालत नाही.' दोन दिवसांत ती 'माहिती अपुरी' म्हणून निकाली. दारात उभं राहून "साहेब, अन्याय झाला" एवढंच म्हणणाऱ्यांना मी रोज हसतो, ते आठवलं.

मग पुतण्याने शिकवलं : काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, या क्रमाने लिहायचं. कारणही त्यानेच शोधलं. 'ऱ्या' साठवायच्या दोन वाटा आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. म्हणजे शून्य जाडीचा सांधेवाला. माझे जुने नमुने सगळे दुसऱ्या वाटेचे. बीटा तो सांधेवाला गाळत होती, की र ची पापणीसारखी आडवी रेघ जाऊन वर रफार! वीस वर्षं टंकतोय. माझ्या अर्जांत न दिसणारं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

दोन्ही रूपांची चित्रं जोडून फिर्याद पुन्हा लिहिली. उत्तर आलं : दोन्ही चित्रं सारखीच वाटतात, अर्थ बदलतो का? मी कच्च्या इंग्रजीत लिहिलं, 'आमच्या ताम्हिणी घाटात दऱ्या आहेत. तुमच्या आवृत्तीत दर्या आहे. दर्या म्हणजे समुद्र. तो कोकणात, घाट उतरून.' सोबत घाटाचा फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी फिर्यादीपुढे शब्द उमटला, 'कन्फर्म्ड'. किडा पक्का झाला, मेला नाही.

तोवर मी 'ऱ्या' चुकवत अर्ज लिहितोय. 'शेतकऱ्यांच्या'ला 'शेतकरी बांधवांच्या' केलं. 'सातबाऱ्यावर' खोडून ऐटीत 'उताऱ्यावर' लिहिलं, छापलं, आणि आजोबांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.