मामांची शेवटची शिकार

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेची गोष्ट. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातून माझे मामा दरवर्षी आईकडून ओवाळून घ्यायला अमरावतीला येतात. वय वर्षे 85. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस.टी. फुकट झाल्यापासून तर त्यांना कोणी सोबतही लागत नाही. ओवाळणी झाली, अनारसे झाले, पान झाले, आणि मामांनी मला अंगणात बोलावून हळूच सांगितले,

"बापू, मले एकदा हरणाच्या शिकारीले घेऊन चाल."

मी मराठीचा प्राध्यापक. शिकार मी करतो ती उत्तरपत्रिकांतल्या ऱ्हस्व-दीर्घाची! मी घाबरून म्हणालो, "मामा, 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. कमीत कमी 3 वर्षे आणि जास्तीत जास्त 7 वर्षे कैद!"

"मले कायदा नको शिकवू," मामा म्हणाले. "बंदूक कुठं हाये आता? नुसतं पाहाचं हाये. पण तुह्या मायले सांगू नको."

तुळशीचे लग्न लागले आणि 'कारंज्याला गुरुमंदिरात दर्शनाला जातो' असे घरी सांगून आम्ही मामा-भाचे मोटारीने निघालो. हे सांगणे अगदीच खोटे नव्हते. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. आणि त्याच कारंज्याजवळ सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे. पूर्वी हा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा निराळा झाला आणि कारंजे तिकडे गेले. मामांच्या लेखी मात्र ते अजून अकोल्यातच आहे.

बडनेरा मागे पडले आणि खरे वऱ्हाड सुरू झाले. काळीभोर जमीन, पांढराशुभ्र फुटलेला कापूस, पिवळ्या फुलांवर आलेली तूर. वेचणाऱ्या बायांच्या ओट्या फुगलेल्या. सोयाबीन निघालेल्या वावरांत हरभऱ्याचे कोवळे कोंब तेवढे वर आले होते. मामा खिडकीशी डोळे लावून बसले होते. "आमच्या वक्ती इथं नुस्ती जवारी होती," एवढेच ते दोनदा म्हणाले.

मूर्तिजापूरच्या पुढे गवतात बुडालेले अरुंद रूळ दिसले आणि त्यांनी मोटार थांबवायला लावली. ही आमची शकुंतला! मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे कारंज्यावरून यवतमाळ. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता गाडी बंद आहे. "खांद्यावर बंदूक घेऊन याच गाडीनं कारंज्याले जाचो," मामा म्हणाले. आणि तिथेच, बांधावर बसून, त्यांनी मला ती हकीकत सांगितली.

पिकाच्या राखणीसाठी त्यांना बारा बोराच्या बंदुकीचा परवाना मिळाला होता. रात्री वावरात जागल करायची, हरणांचे कळप हाकलायचे. जोडीला एक फासेपारधी असे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी पारध्यावरचा शिक्का काही गावाच्या मनातून पुसला गेला नव्हता. मामांनी मात्र त्याच्याकडूनच माग काढायला, वारा ओळखायला शिकून घेतले.

"1966 चा हिवाळा. हरभऱ्यात रात्री डोये चमकले. म्या बॅटरी धरली अन् बार काढला. जाऊन पाह्यतो तं मादी. पोटात पाडस."

मामा थांबले. रुळांवरून एक शेळी चालत गेली.

"मी त्याले म्हणलं, उचल. तो हात लावीना. म्हणे, आमच्या फाशात अशी गाभण सापडली असती तं आम्ही सोडून देली असती. पाडसालेबी सोडतो. तुम्ही शिकलेले मानसं, तुमच्या बंदुकीले काही दिसत नाही. अन् गेला निघून. पुन्हा माह्या जागलीवर आला नाही."

गर्भार मादी आणि पाडस सोडून देण्याची फासेपारध्यांची ही रीत अभ्यासकांनीही नोंदवून ठेवली आहे. ती मी पुस्तकात वाचली होती; त्या रीतीने दोषी ठरवलेला माणूस आज प्रथमच पाहत होतो. त्यानंतर मामांनी हरणावर बंदूक धरली नाही. बार काढला तो हवेत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, असे काही वर्षे चालले. शेवटी परवानाच परत केला.

अभयारण्य म्हणजे घनदाट जंगल अशी कल्पना करून कोणी सोहोळला गेले तर त्याची निराशा होईल. सुमारे 18 चौरस किलोमीटरचे हे माळरान. गुडघाभर गवत, मधूनच बोर, हिवर, पळस. पण काळविटाला हेच हवे. झाडीत त्याचा जीव गुदमरतो. मोकळ्यावर धाव घेणे हेच त्याचे शस्त्र. त्या धावेला पुरा पडणारा एकच होता, चित्ता. तो देशातून नाहीसा झाल्याचे 1952 साली जाहीर झाले; 2022 साली आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले, ही बातमी मामांना मुखोद्गत होती.

सोबत आलेल्या तरुण वनरक्षकाने आम्हाला एका हिवराच्या सावलीत उभे केले. अर्धा तास गेला. आणि मग गवतच हलल्यासारखे झाले. पुढे नर, पाठ काळीकुळकुळीत, पोट पांढरे, पिळदार शिंगे मागे टाकून चालणारा. मागे बदामी रंगाच्या माद्या. मामांचा डावा हात आपोआप पुढे झाला, उजवा खांद्याशी गेला. क्षणभरच. मग दोन्ही हात खाली आले.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजले. तेवीस.

"माद्या?"

"सतरा."

"त्यातली ती बोरीजवळची भारी हाये." वनरक्षकाने दुर्बीण लावली आणि मान डोलावली. मामांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ते दुर्बिणीवाचून दिसले होते. कुठेतरी कुत्रे भुंकले आणि सारा कळप उसळला. एकेक मादी हवेत उंच उडी घेऊन धावू लागली. बोरीजवळची मात्र उडी न घेता, सगळ्यांच्या मागून, सावकाश गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मामा उभे होते.

"चाल. झाली शिकार."

परतताना हद्दीबाहेरच्या वावरात एक शेतकरी भेटला. त्याचा हरभरा कोंबासकट खुडलेला होता. "तुम्ही पाहाले येता साहेब, आम्ही रातभर जागतो. भरपाईचे कागद करता करता दुसरं पीक येते," तो मला म्हणाला. मला उत्तर सुचेना. मामा मात्र त्याच्याजवळ धुऱ्यावर बसले. किती एकर, कर्ज किती, जागलीला कोण येते, सारे विचारले. उठताना म्हणाले, "तुहं खरं हाये, भाऊ. मीबी हेच म्हणत होतो." मोटारीत बसल्यावर पुष्कळ वेळाने पुटपुटले, "अन् त्या पारध्याचंबी खरं होतं."

गुरुमंदिरात दर्शन घेऊन आम्ही रात्री घरी पोचलो. आईने विचारले, "झालं का दर्शन, दादा?"

"झालं," मामा म्हणाले. मग पाट ओढून तिच्यासमोर बसले आणि साठ वर्षे पोटात ठेवलेली ती रात्र त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला सांगून टाकली.

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मले ठाऊक होतं काहीतरी झालं होतं," ती म्हणाली. "लहान होती मी. तू सकाळी वावरातून आला, बंदूक खुंटीले टांगली, अन् दोन दिवस जेवला नव्हता." तिने गरम भाकरी त्यांच्या ताटात वाढली. "आता जेव."