अर्धा नाल

अंगठ्याची जाण कमी झाल्यापासून रानात सापडलेले लोखंडाचे तुकडे आता नात हातात घेते. मी एवढंच विचारतो, "टोक मोडलेलं आहे, की घडवलेलं?"

सगळं घोडं त्या टोकापाशी अडतं. घोड्याचा नाल पुढच्या बाजूला झिजतो आणि तिथेच तुटतो. उरतं ते अर्धकोरीसारखं लोखंड. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, त्याही तशाच कोरीच्या. बैलाच्या पत्रीचं टोक नालबंदाने ठोकून गोल केलेलं असतं, घोड्याच्या नालाचं मोडल्यावर खरबरीत राहतं. गंजाचे फोड चढले की दोन्ही सारखीच. भोकांत गंज बसून ती बुजतात आणि नखाने कोरायला गेलं की पापुद्रा निघून खालची कडाही जाते.

खोलीवरून वय सांगावं, तर आमचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं. वरचं लोखंड भेगेत उतरतं, पावसाळ्यात माती फुगते, नांगर खालचं वर काढतो. कालची पत्री आणि पेशवाईतला नाल एकाच तासात सापडतात.

आमच्या कमलनगरहून उदगीर जवळ. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, ते एका मैदानात नव्हे. निजामाची फौज औसा-धारूरच्या रोखाने सरकत होती आणि मराठी घोडदळ तिला चालता चालता टोचत होतं. तिथून भाऊ परतूरला गेले, परतूरहून उत्तरेला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. त्या स्वारीतल्या एका टापेचं लोखंड माझ्या फडताळात असावं आणि ते मीच ओळखलेलं असावं, ही हाव माझ्यात अजून आहे. लोकांनी त्यासाठी माझं नाव घ्यावं, असंही वाटतं.

हल्ली डिटेक्टर घेऊन रात्री रानं उकरणारे आले आहेत. ॲसिडात बुडवून लखलखीत केलेले तुकडे 'पानिपतचे' म्हणून विकले जातात. जमिनीतून निघालेलं धन कायद्याने सरकारला कळवावं लागतं, हे त्यांच्या गावीही नाही. सापडल्याचं शिवार हरवलं की तो तुकडा माझ्या लेखी भंगार.

नात चिठ्ठीवर लिहिते: 'लोखंड. तुरीचं रान, ओढ्याच्या अंगाला. पहिली नांगरट.' "उदगीर, १७६० लिही की," मी म्हणतो. "टोक दिसत नाही, आजोबा," ती म्हणते, आणि डबा बंद करते.