तक्रार निकाली निघाली, मूल मात्र मागेच राहिले

आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुले नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. त्यांतील काही मुले चालण्यात, ऐकण्यात, बोलण्यात किंवा समजण्यात इतरांपेक्षा वेगळी असतात. सरकारी भाषेत त्यांना ‘विशेष गरजा असलेली मुले’ म्हणतात. आमचा धाकटा मुलगा त्यांपैकी एक. त्याच्या शिक्षणासाठी आम्हा नवराबायकोला नगरपालिकेत तक्रार करावी लागली. ती तक्रार कागदावर कशी मिटली आणि पुढे काय केल्यावर खरोखर काही बदलले, हे आपल्या कुटुंबांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

मुलगा चौथीत आहे. त्याला बौद्धिक अक्षमतेचा दाखला मिळाला आहे. प्रश्न विचारला की तो लगेच उत्तर देत नाही. पण थोडा वेळ दिला, हातात वस्तू दिली, तर बरोबर सांगतो. वीस रुपयांची नोट देऊन दुकानात पाठवले, तर उरलेले पैसे मोजून आणतो. दुसरीत असताना आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका शाळेत येत. त्यांनी मणी आणि काड्या घेऊन त्याला वीसपर्यंत मोजायला शिकवले. तिसरीत त्या यायच्या बंद झाल्या. मुलगा शेवटच्या बाकावर गेला आणि काही दिवसांनी शाळेतून निरोप आला, ‘याला घरीच ठेवा, घरी येऊन शिकवतील.’ घरी कोणी आले नाही. कागदावर मात्र त्याचे नाव ‘गृहाधारित शिक्षण’ या यादीत चढले होते. वास्तविक ही सोय बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आहे आणि ती घ्यायची की नाही, हे पालकांनी ठरवायचे असते. स्वतःच्या पायांनी शाळेत जाणाऱ्या मुलाला घरी बसवण्यासाठी ती नाही.

आम्ही आधी तोंडी विचारले. मुख्याध्यापक म्हणाले, विशेष शिक्षिका आमच्या हाताखाली नाहीत. नगरपालिकेत सांगितले, त्या समग्र शिक्षा अभियानाच्या आहेत, साधन केंद्रात जा. साधन केंद्रात उत्तर मिळाले, एका बाईंकडे इतक्या शाळा आहेत, त्या तरी कुठे कुठे पुरणार? तिघांचेही म्हणणे खरे होते आणि तिघांच्याही दारातून आम्ही रिकाम्या हाताने परतलो. प्रत्येक खेपेला आमच्यापैकी एकाची त्या दिवसाची मजुरी बुडाली.

मग लेखी अर्ज दिला, आवक क्रमांकाची पोच घेतली. आठ दिवसांत शिक्षिका शाळेत आल्या. तीन आठवडे नियमित आल्या आणि पुन्हा बंद झाल्या. नगरपालिकेत चौकशी केली तेव्हा कारकुनाने फाइल उघडून दाखवली. आमच्या अर्जावर शेरा होता, ‘तक्रार निकाली.’ शिक्षिका एकदा शाळेत गेल्या, तसे पत्र कार्यालयात आले आणि कार्यालयाच्या दृष्टीने प्रश्न संपला.

खरी गोष्ट त्यानंतर कळली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर दुसऱ्या वॉर्डातील एक ताई सांगत होत्या की त्यांच्या मुलीला ऐकू येत नाही, तिला शिकवायला दर मंगळवारी बाई यायच्या, त्या मध्येच तीन आठवडे आल्या नाहीत. आम्ही तारखा जुळवून पाहिल्या. ते आमचेच तीन आठवडे होते. म्हणजे आमच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी त्या मुलीचा मंगळवार काढून आमच्या मुलाला दिला होता. बाईंचा यात काही दोष नव्हता, त्यांना जिकडे पाठवले तिकडे त्या गेल्या. पण एका गरिबाच्या ताटातील भाकरी उचलून दुसऱ्या गरिबाच्या ताटात ठेवायची आणि वर तक्रार मिटली असे लिहायचे, याला सुधारणा कशी म्हणावी?

आपल्या समाजाला कागद आणि व्यवहार यांतील अंतर नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात होता, पण आपल्या माणसाला त्या तळ्याचे ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. त्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि न्यायालयाची लढाई १९३७ पर्यंत चालली. नगरपालिकेचा कागद कितीही चांगला असला, तरी तो प्रत्यक्षात आला की नाही हे आपणच जाऊन पाहायचे असते, हा धडा महाडने आपल्याला दिला आहे.

आज विशेष मुलांसाठीचे कायदे चांगले आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे मुलाच्या शिक्षणाच्या हक्काबाबत कोणीही नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे लेखी तक्रार करू शकतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अशी मुले शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी शाळांतील मुलांची पाहणी करावी, असे कलम १७ सांगते. शिक्षकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात २०२१ साली विशेष शिक्षकांची पदे निर्माण करून भरण्यास सांगितले. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण २०२२ साली ठरले. पदे भरली गेली नाहीत म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला.

आमच्या विहारात वर्षावासात भन्तेजींनी चुल्लपंथकाची कथा सांगितली होती. या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ झाली नाही. तेव्हा त्याच्या थोरल्या भावानेच, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला संघातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला वाटेत गाठले, हाती एक स्वच्छ फडका दिला आणि तो चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता फडका मळला. जे गाथेतून समजले नव्हते ते अनित्यतेचे ज्ञान त्याला त्या फडक्यातून झाले आणि तो अर्हत झाला. शिष्य तोच होता, तथागतांनी शिकवण्याची रीत बदलली. मणी आणि काड्यांनी मोजायला शिकवणाऱ्या बाई हेच काम करीत होत्या. म्हणून ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असे कोणी म्हणाले, की आम्ही विचारतो, तुम्ही त्याच्या हातात काय दिले?

त्या ताई, आम्ही आणि आणखी पाच घरे, असे आम्ही सात पालक विहारात बसलो. सातही घरांची तक्रार एकच निघाली, फक्त ज्याने त्याने ती आपापल्या शाळेत तोंडी केली होती. आम्ही कलम ३२ खाली एकत्र अर्ज केला. त्यात ‘आमच्या मुलाला बाई द्या’ असे लिहिले नाही. नगरपालिकेच्या शाळांत अशी मुले किती, त्यांच्यासाठी शिक्षक किती, कोण कोणत्या वारी कोठे जातो आणि शिक्षक न आल्यास जबाबदार कोण, असे चार प्रश्न विचारले. एका मुलाच्या अर्जावर दुसऱ्याचा मंगळवार काढून देता येतो. सगळ्यांच्या एकत्र अर्जावर तसे करता येत नाही.

प्रशासनाधिकाऱ्यांनी सुनावणी घेतली. साधन केंद्राचे लोकही त्याच टेबलावर बोलावले. त्यामुळे ‘ते आमचे नाहीत’ हे वाक्य त्या दिवशी कोणाला म्हणता आले नाही. शाळानिहाय मोजणी केली तेव्हा कागदावर होती त्यापेक्षा जास्त मुले निघाली. त्या आकड्यांवर मागणी गेली आणि आठवड्यातून दोन दिवस आणखी एक विशेष शिक्षक मिळाले. कोण कोणत्या वारी येणार हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिले गेले. भेटीच्या नोंदवहीत आता पालकाची सही घेतात. आमच्या मुलाचे नाव ‘गृहाधारित’ यादीतून निघाले आणि त्या ताईंच्या मुलीचा मंगळवार तिला परत मिळाला.

सगळे झाले असे नाही. एका शाळेला अजून रॅम्प नाही. तिथे एक बाप आपल्या मुलीला रोज उचलून वर्गात बसवतो आणि मग कामावर जातो. त्याचा अर्ज पुन्हा केला आहे आणि सह्या सातही घरांच्या आहेत.

इतर देशांतील नगरपालिका अशा तक्रारींचे काय करतात, याचीही आम्ही थोडी माहिती घेतली. इंग्लंडमध्ये हे काम नगरपालिकांकडेच आहे. २०१४ च्या कायद्याने तेथे गरजू मुलासाठी लेखी आराखड्याची तरतूद झाली आणि मागणी आल्यापासून तो २० आठवड्यांत देण्याची मुदत ठरली. कारभार तेथेही आदर्श नाही, कारण २०२३ आणि २०२४ या वर्षांत निम्म्याच्या आसपासच आराखडे मुदतीत निघाले. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे स्थानिक संस्थांच्या कारभारावर लोकपाल आहे. तक्रारीत दोष आढळला, तर तो त्या कुटुंबाची माफी मागायला आणि मुलाचे बुडालेले शिक्षण भरून काढायला सांगतोच. शिवाय हीच चूक आणखी कोणत्या मुलांच्या बाबतीत झाली ते तपासा, कर्मचाऱ्यांना शिकवा, कामाची पद्धत बदला, असेही सांगू शकतो. त्याचे निर्णय लोकांना वाचता येतात. एका आईचे पत्र शंभर मुलांच्या उपयोगी पडावे, हा त्यामागचा विचार आहे.

आपल्या नगरपालिकांना एवढे करता येईल आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा. महिन्यातून एकदा सगळ्या तक्रारी एकत्र वाचाव्यात, म्हणजे कोणत्या शाळेत कोणते दुखणे वारंवार येते ते दिसेल. शाळा, नगरपालिका आणि साधन केंद्र यांपैकी उत्तर कोण देणार, त्या एका माणसाचे नाव फलकावर असावे. सुनावणी कामकरी आईबापाची मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवावी आणि निर्णय साध्या मराठीत लेखी द्यावा. निर्णयानंतर तीन महिन्यांनी कोणीतरी वर्गात जाऊन पाहावे. ‘निकाली’ हा शेरा पालकाच्या सहीशिवाय मारू नये. आणि तक्रार केली म्हणून मुलाकडे वाकड्या नजरेने पाहिले जाणार नाही, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. या भीतीमुळे आपल्यातील कित्येक आया गप्प बसतात.

आपलेही काम आहे. मुलाला घरात लपवू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, तेथे विशेष मुलाच्या आईला निवडून द्या. तोंडी सांगून परत येऊ नका, लिहून द्या आणि पोच घ्या. लिहिता येत नसेल तर विहारातील शिकलेल्या मुलामुलींकडून लिहून घ्या, त्यांच्या शिक्षणाचा समाजाला हा पहिला उपयोग होईल. आणि अर्ज देण्यापूर्वी शेजारच्या वस्तीत विचारून या, तिथेही असे मूल आहे का. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण जयंतीच्या फलकावर दरवर्षी लिहितो. जे मूल सावकाश शिकते, त्याच्या वाट्याचे संघटित होणे आणि संघर्ष करणे आपल्यालाच करावे लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!